हप्ता वाढला म्हणून पॉलिसी सोडू नका

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या सुमारास एक निवृत्त मुख्याध्यापक आले. वय अडुसष्ट. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर प्रकृती उत्तम. रोज सकाळी चार किलोमीटर चालणारे गृहस्थ. मी पट्टा बांधायला घेतला, तर त्यांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, आज माझा नको, याचा रक्तदाब बघा," ते म्हणाले.

कागद होता आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाचा. गुरुजी आणि त्यांची पत्नी अशा दोघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी. गेल्या वर्षी मूळ हप्ता ३८,५०० रुपये होता, तो यंदा ४२,००० झाला होता. म्हणजे महिन्याच्या पेन्शनीतून साडेतीन हजार रुपये बाजूला काढायचे.

"अकरा वर्षं भरतोय. दोघांपैकी कोणी एक रात्रही इस्पितळात काढली नाही. सगळे पैसे पाण्यात. आता बंदच करून टाकतो," गुरुजी वैतागून म्हणाले.

मी म्हटले, "गुरुजी, बसा. बंद करण्याआधी हा कागद आपण नीट वाचू."

वाचकहो, एरवी या सदरात आपण मधुमेह, सांधेदुखी, मोतीबिंदू यांविषयी बोलतो. पण साठीनंतर आजाराइतकीच आजाराच्या खर्चाची काळजी माणसाला पोखरते. हप्त्याची सूचना आली की रागाच्या भरात पॉलिसी सोडून देणारे आणि मग तहान लागल्यावर विहीर खणायला निघणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. म्हणून आज गोळ्या-औषधे बाजूला ठेवून या कागदाविषयी बोलू.

हप्ता ठरतो कसा?

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी 'मेडिक्लेम' पॉलिसी १९८६ साली सुरू झाली. त्या वेळी चार सरकारी विमा कंपन्याच हा व्यवसाय करीत. २००० सालापासून खासगी कंपन्या आल्या आणि पॉलिसींचे शंभर प्रकार झाले. तरी हप्ता ठरवण्याची रीत सगळ्यांची साधारण सारखीच आहे.

पहिली गोष्ट वय. वय वाढेल तसा इस्पितळात जाण्याचा संभव वाढतो, म्हणून हप्ता वाढतो. काही कंपन्या पाच-पाच वर्षांचे गट करतात. अशा पॉलिसीत साठ, पासष्ट, सत्तर अशा पायरीवर हप्ता एकदम उडी मारतो. घरातील सर्वांची मिळून एकच पॉलिसी असेल, जिला 'फ्लोटर' म्हणतात, तर बहुधा घरातील सर्वांत वडील माणसाच्या वयावरून हप्ता ठरतो. दुसरी गोष्ट विम्याची रक्कम. तिसरी, तुम्ही राहता ते गाव. चौथी, आधीपासून असलेले आजार. पाचवी, मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा सवलती. या सगळ्यावर इस्पितळांचे दर वाढतात तसा भार चढतो.

तुम्ही दावा केला म्हणून तुमच्या एकट्याचा हप्ता नूतनीकरणाच्या वेळी वाढवता येत नाही. वाढ होते ती त्या पॉलिसीतल्या, त्या वयाच्या सगळ्यांची मिळून. तसेच दावा केला नाही म्हणून पैसे बुडाले असेही नाही. विमा म्हणजे भिशी नव्हे, की आज ना उद्या आपला नंबर लागलाच पाहिजे. नंबर लागला नाही हीच देवाची कृपा समजावी.

दोन दिलासे

ज्येष्ठांना दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी अलीकडे घडल्या आहेत, पण त्या पुष्कळांना ठाऊक नसतात.

जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना आदेश दिला की साठ वर्षांवरील व्यक्तींचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. गुरुजींची वाढ नऊ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे मर्यादेत होती. तुमच्या कागदावर याहून मोठी वाढ दिसली तर कंपनीकडे लेखी कारण मागा. अर्थात दहा टक्केही काही थोडे नव्हेत. दरवर्षी दहा टक्के वाढ झाली तर आजचा तीस हजारांचा हप्ता सात वर्षांत अठ्ठावन्न हजारांवर जातो. म्हणूनच हप्त्याची आखणी करायला हवी.

दुसरा दिलासा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीने किंवा कुटुंबाने स्वतः घेतलेल्या आरोग्यविम्यावरील अठरा टक्के जी.एस.टी. रद्द झाला. चाळीस हजारांच्या हप्त्यावर पूर्वी ७,२०० रुपये कर लागत असे, तो वाचला. ही सूट बँक, संस्था किंवा मालकामार्फत घेतलेल्या गटविम्याला मात्र नाही. तुमची पॉलिसी स्वतःची असेल आणि कागदावर कर लावलेला दिसला, तर जरूर विचारा.

पॉलिसीचे वय हीच तिची किंमत

आता मुख्य मुद्दा. माणसाचे वय वाढले की हप्ता वाढतो हे खरे. पण पॉलिसीचे वय वाढले की तिची किंमतही वाढते. ती हप्त्याच्या कागदावर छापलेली नसते एवढेच.

नवी पॉलिसी घेतली की आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च लगेच मिळत नाही. त्याला प्रतीक्षाकाळ म्हणतात. एप्रिल २०२४ च्या नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येतो. पूर्वी चार वर्षे असे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणे अशा ठरावीक शस्त्रक्रियांनाही असाच काळ असतो. म्हणजे साठीनंतर ज्यांची गरज पडते, नेमके तेच आजार. जुन्या पॉलिसीने हा काळ कधीच पार केलेला असतो.

शिवाय पॉलिसी सलग पाच वर्षे चालली, की नंतर "तुम्ही अमुक आजार लपवला होता" असे म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. केवळ फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता. आणि हप्ता वेळेवर भरत राहिलात, तर वय झाले किंवा मागे दावा केला या कारणाने कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. ते जन्मभर चालू ठेवण्याचा तुमचा हक्क आहे.

हे सगळे सोडून दिल्यावर काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले एक कारकून माझे जुने रुग्ण. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. नऊ वर्षांची पॉलिसी होती. चोवीस हजारांचा हप्ता जड वाटला म्हणून त्यांनी ती सोडली. आठ महिन्यांनी मनात धास्ती बसली, तेव्हा दुसऱ्या कंपनीची थोडी स्वस्त पॉलिसी घेतली. चौदाव्या महिन्यात छातीत कळ आली. मोठ्या शहरात नेऊन ॲन्जिओप्लास्टी केली. दोन लाख चाळीस हजारांचे बिल झाले. मधुमेह व रक्तदाब आधीपासून होते आणि प्रतीक्षाकाळ संपला नव्हता, म्हणून दावा नामंजूर झाला. नियमावर बोट ठेवायला जागा नव्हती. वाट्याला आलेली जिरायती जमीन त्यांनी भावाला विकली. ते आज बरे आहेत. पण तपासायला आले की आधी जमिनीची गोष्ट निघते, मग छातीची.

त्यांनी पॉलिसी न सोडता ती दुसऱ्या कंपनीकडे बदलून घेतली असती, तर नऊ वर्षांचे पुण्य त्यांच्या खात्यावर राहिले असते. याला 'पोर्टेबिलिटी' म्हणतात. जुन्या विमा रकमेपुरता पार केलेला प्रतीक्षाकाळ नव्या कंपनीला मान्य करावा लागतो. मात्र तुम्हाला घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार नव्या कंपनीला असतो. म्हणून मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा आणि नव्या कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

हप्ता हलका करण्याचे मार्ग

पॉलिसी न सोडता तिचा भार कमी करता येतो. प्रत्येक मार्ग प्रत्येक पॉलिसीत असेलच असे नाही. पण कंपनीच्या कार्यालयात जाऊन पुढील गोष्टी विचारायला पैसे पडत नाहीत.

पत्ता तपासा. अनेक कंपन्या गावांचे विभाग पाडतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांचा हप्ता जास्त, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांचा कमी. नोकरी मुंबईत केली आणि निवृत्तीनंतर गावी येऊन राहिले, पण पॉलिसीवर पत्ता अजून मुंबईच्या खोलीचाच, असे पुष्कळांचे असते. पत्ता बदलला की हप्ता उतरू शकतो. यात एक अट असते. लहान गावाच्या दराची पॉलिसी घेऊन मोठ्या शहरात उपचार घेतले, तर काही कंपन्या बिलाचा ठरावीक टक्के भाग तुमच्याकडून घेतात. तो किती, हे आधी विचारावे.

बिलात आपला वाटा उचला. प्रत्येक बिलाचे दहा किंवा वीस टक्के मी भरीन असे कबूल केले, की हप्ता कमी होतो. याला 'को-पे' म्हणतात. हाताशी थोडी ठेव असेल त्यांना हे परवडते. पण गणित करून पाहा. दोन लाखांच्या बिलावर वीस टक्के म्हणजे चाळीस हजार. तेवढे एका दिवसात उभे करता येतील का? नसतील, तर हा मार्ग तुमचा नव्हे. ज्येष्ठांच्या काही खास पॉलिसींत को-पे सक्तीचाच असतो, तेही वाचून घ्यावे.

मोठ्या पॉलिसीऐवजी लहान पॉलिसी आणि वर 'सुपर टॉप-अप'. समजा, तीन लाखांची मूळ पॉलिसी आहे. वर्षभरातील बिलांची बेरीज तीन लाखांच्या पुढे गेली, तर पुढचे दहा लाखांपर्यंत सुपर टॉप-अप देते. तेरा लाखांच्या एका पॉलिसीपेक्षा ही जोडी पुष्कळ स्वस्त पडते. नुसता 'टॉप-अप' प्रत्येक बिल वेगळे मोजतो, 'सुपर टॉप-अप' वर्षाची बेरीज धरतो. तेव्हा नाव नीट पाहून घ्या. मात्र सुपर टॉप-अपलाही स्वतःचा प्रतीक्षाकाळ असतो. तो संपेपर्यंत मूळ पॉलिसीची रक्कम कमी करू नये.

नको ते जोड काढा. कोणी सुचवले म्हणून घेतलेला रोजचा इस्पितळ भत्ता, बाह्यरुग्ण तपासणीची सवलत, साठीतल्या जोडप्याच्या पॉलिसीवर चक्क बाळंतपणाची सोय, असले जोड मी पाहिले आहेत. ते काढले की हप्ता उतरतो आणि मूळ संरक्षणाला धक्का लागत नाही.

मुलांपासून वेगळे व्हा. घरात नव्हे, पॉलिसीत! मुलगा, सून, नातवंडे आणि आजी-आजोबा एकाच फ्लोटरमध्ये असतील, तर आजोबांच्या वयामुळे सगळ्यांचा हप्ता वाढतो. त्याच कंपनीत दोन पॉलिसी करून घेता येतात का, आणि जुनी वर्षे दोन्हींकडे मोजली जातील का, हे लेखी विचारा.

दावा नसल्याचे बक्षीस हप्त्यात मागा. दावा केला नाही तर साधारणपणे विम्याची रक्कम वाढवून देतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याऐवजी हप्त्यात सूट घेण्याचा पर्याय देण्यास कंपन्यांना सांगितले आहे. ज्याला हप्ताच जड जातो त्याने सूट घ्यावी.

दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरा. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आली असेल त्यांना हे सोयीचे. काही टक्के सूट मिळते आणि तेवढी वर्षे दरवाढीतून सुटका होते.

पुष्कळजण मासिक हप्त्याविषयी विचारतात. पेन्शन महिन्याला येते, तसा हप्ताही महिन्याला जावा, ही सोय अनेक कंपन्या देतात. त्याने भार विभागतो, कमी होत नाही. उलट वर्षाची बेरीज काही ठिकाणी थोडी जास्तच होते. वर्षाच्या मध्ये दावा आला, तर राहिलेले हप्ते बिलाच्या रकमेतून कापून घेतात. वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला पंधराच दिवसांची. बँकेतून आपोआप रक्कम जाण्याची सोय केली असेल, तर त्या तारखेला खात्यात पैसे ठेवायला विसरू नये.

सगळे उपाय थकल्यावरच विम्याची रक्कम कमी करावी. कारण पुढे ती वाढवायची म्हटले, तर वाढीव रकमेला प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून लागतो.

खोलीभाड्याची मेख

स्वस्त पॉलिसी घेताना एक कलम अवश्य वाचावे, ते खोलीभाड्याचे. काही पॉलिसींत रोजचे खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का इतकेच मान्य असते. तीन लाखांच्या पॉलिसीत तीन हजार रुपये. नातेवाईक म्हणतात, "वरचे तीन हजार आम्ही भरू, स्वतंत्र खोली घ्या." इथेच फसगत होते.

पाच दिवस सहा हजारांच्या खोलीत काढले. खोलीचे तीस हजार झाले. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, परिचारिका यांचे एक लाख. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांचे पन्नास हजार. एकूण एक लाख ऐंशी हजार. तुम्हाला वाटते की आपल्याला फक्त खोलीच्या फरकाचे पंधरा हजार भरायचे. पण खोलीच्या दर्जाप्रमाणे बाकीचे दर बदलणाऱ्या इस्पितळात कंपनी डॉक्टर-शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा, धरते. औषधे, तपासण्या आणि उपकरणे यांना ही कात्री लागत नाही. तरीही हिशेब असा होतो की कंपनी देते एक लाख पंधरा हजार आणि तुमच्या खिशातून जातात पासष्ट हजार!

तेव्हा भरती होतानाच पॉलिसी दाखवून मर्यादेतली खोली मागावी. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इस्पितळाच्या खाटेलाही लागू आहे.

ज्यांनी आजवर विमा घेतलाच नाही, त्यांनी 'आरोग्य संजीवनी' या पॉलिसीची चौकशी करावी. १ एप्रिल २०२० पासून ती सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर आणण्यास सांगितले गेले. तीत खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला पाच हजारांच्या आत, आणि को-पे पाच टक्के असे ठरलेले आहे. अटी सारख्या, हप्ते मात्र कंपनीप्रमाणे वेगवेगळे. त्यामुळे तुलना सोपी जाते.

सरकारी योजनांचा आधार

वर सांगितलेल्या कारकुनांची दुसरी चूक अशी, की घरात शिधापत्रिका असून त्यांनी सरकारी योजनेची चौकशीच केली नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव आपण बसस्थानकावरच्या फलकांवर वाचतो. २०१२ साली ती 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली. पुढे तिचे नाव बदलले. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करून मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख करण्याचे ठरवले. हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार यांवरील पुष्कळ उपचार त्यात येतात, ॲन्जिओप्लास्टीही येते. मात्र योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच गेले पाहिजे. तिथे 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवावे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक आधार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावे लागते. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. घरात सत्तरीवरचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ नाही आणि हप्ताही नाही. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळते. केंद्र सरकारच्या सी.जी.एच.एस. किंवा माजी सैनिकांच्या ई.सी.एच.एस. योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

मग खासगी पॉलिसी कशाला, असे कोणी विचारील. या योजनांत ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालये असतात. जवळचे, ओळखीचे इस्पितळ यादीत असेलच असे नाही. म्हणून परवडते त्याने लहान का होईना, पॉलिसी ठेवावी. ज्यांची पेन्शन हजार-दोन हजारांच्या घरात आहे, त्यांनी मात्र हप्त्यासाठी उसनवारी करू नये. आधी ही दोन कार्डे काढावीत आणि जिल्ह्यात कोणती रुग्णालये सामील आहेत त्याची यादी दाराला लावून ठेवावी.

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी कामगार विमा योजनेकडेही पाहावे. किमान पाच वर्षे या योजनेखाली नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगाराला व त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा मिळत आली आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून सी.जी.एच.एस.चे आजन्म कार्ड घेता येते. आपल्या घरात असा हक्क पडून आहे का, हे आधी शोधावे.

आयकर आणि तक्रार

आयकराची जुनी पद्धत निवडणाऱ्या ज्येष्ठांना '८०-डी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत हप्त्याची पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळत आली आहे. आई-वडिलांचा हप्ता मुलाने भरला, तर ती वजावट मुलाला मिळते. हप्ता रोखीने भरू नये, धनादेशाने किंवा बँकेतून भरावा. नव्या कर-पद्धतीत ही वजावट नाही.

कंपनीने दावा नाकारला किंवा उत्तरच दिले नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. नियामक प्राधिकरणाचा तक्रारीचा क्रमांक १५५२५५.

शेवटी गुरुजींचे काय झाले?

कागद वाचता वाचता दोन गोष्टी सापडल्या. पॉलिसी मुलाने काढून दिलेली, म्हणून पत्ता पुण्याच्या फ्लॅटचा होता. आणि रोजच्या इस्पितळ भत्त्याचा एक जोड होता, जो गुरुजींना ठाऊकही नव्हता. दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या शाखेत गेले. पत्ता गावचा करून घेतला, जोड काढला आणि दावा नसल्याचे बक्षीस हप्त्यात मागितले. पुण्यात उपचार घेतले तर आपला वाटा किती पडेल, हेही लेखी विचारून आले. ४२,००० चा हप्ता ३४,६०० वर आला. महिन्याचा हिशेब केला तर तीन हजारांच्या आत. अकरा वर्षांची पॉलिसी शाबूत राहिली.

परवा ते पेढे घेऊन आले. मी म्हटले, "गुरुजी, आता तरी रक्तदाब बघू द्या."

तो एकशे तीस-ऐंशी निघाला.

नूतनीकरणाचा कागद आला की वाचकांनी एवढे करावे:

- कागद आल्या दिवशीच मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.
- गेल्या वर्षीचा आणि यंदाचा मूळ हप्ता शेजारी शेजारी ठेवून वाढ किती टक्के ते काढा.
- पत्ता, जन्मतारीख, जोड, को-पे आणि खोलीभाडे ही पाच कलमे वाचा. डोळ्यांना त्रास होत असेल तर नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या.
- नवी पॉलिसी घेताना एकही आजार लपवू नका. अर्ज एजंटाने भरला तरी सही तुमची असते. पॉलिसी हाती आल्यावर पसंत पडली नाही, तर तीस दिवसांत परत करता येते.
- पॉलिसीची प्रत, कार्ड आणि फोन क्रमांक कुठे ठेवले आहेत ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा. इस्पितळात जाण्याची वेळ येते तेव्हा कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते, तोच बहुधा खाटेवर असतो.